पंचनाम्यानंतरची खोली
सोलापूरच्या जुन्या घरांतील एकाकी मृत्यू आणि मागे उरणारे काम

एकट्या राहणाऱ्या माणसाचा घरात मृत्यू होतो, तो काही दिवस कोणाच्याच ध्यानात येत नाही आणि अखेर दुर्गंधीमुळे दार तोडावे लागते, अशा घटनेची बातमी वृत्तपत्रांत बहुधा पाच-सहा ओळींची असते आणि घटनेची नोंद संबंधित पोलीस ठाण्यात झाल्याचे सांगून ती संपते. मृतदेह हलवल्यावर मागे राहिलेली खोली, अंथरूण, फरशी आणि भिंत यांच्या स्वच्छतेचे काम मात्र त्यानंतर सुरू होते. मृतदेहाचे काय करायचे हे कायदा सांगतो, कुटुंबाने किती दिवस अशौच पाळायचे हे रूढी सांगते, कचरा कोठे टाकायचा हे महापालिका सांगते; त्या खोलीचे काय करायचे हे यांपैकी कोणीही सांगत नाही. सोलापूरसारख्या जुन्या गिरणगावात, जेथे घरे माती-चुन्याची आहेत, उन्हाळा कडक आहे आणि पाणी रोज येत नाही, तेथे ही उणीव अधिक ठळकपणे दिसते आणि तिचा भार ठरावीक माणसांवरच पडतो.

एकाकी मृत्यूची व्याप्ती

या प्रकारच्या मृत्यूची पद्धतशीर मोजदाद जपानमध्ये होते. तेथे अशा मृत्यूला ‘कोदोकुशी’ म्हणजे एकाकी मृत्यू म्हणतात आणि त्यानंतरच्या सफाईचा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला आहे. जपानच्या राष्ट्रीय पोलीस संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२४ या एका वर्षात घरी एकटे असताना मरण पावलेल्यांची संख्या ७६,०२० होती आणि त्यांतील ५८,०४४ जण ६५ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे होते. त्याच वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत अशा ३७,२२७ मृत्यूंची नोंद झाली, त्यांतील ३,९३९ मृत्यू महिन्याहून अधिक काळ उलटल्यावर उघडकीस आले आणि १३० जणांच्या बाबतीत तर किमान वर्ष लोटले होते.

भारतात अशी वेगळी मोजदाद होत नाही. तथापि मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या वार्धक्यविषयक राष्ट्रीय पाहणीत साठीपुढील व्यक्तींपैकी सुमारे ६ टक्के व्यक्ती एकट्या राहत असल्याचे आढळले. जपानच्या तुलनेत हे प्रमाण लहान वाटले, तरी भारतातील वृद्धांची एकूण संख्या विचारात घेता त्यामागची माणसे लाखांत मोजावी लागतात. महाराष्ट्राला असे मृत्यू अपरिचित नाहीत. जानेवारी २००५ मध्ये अभिनेत्री परवीन बाबी यांच्या जुहू येथील सदनिकेच्या दाराशी दुधाच्या पिशव्या आणि वृत्तपत्रे साचल्यामुळे सोसायटीने पोलिसांना कळवले होते. जुलै २०२३ मध्ये मराठी चित्रपटसृष्टीतील ज्येष्ठ अभिनेते रवींद्र महाजनी तळेगाव दाभाडेजवळील भाड्याच्या घरात मृतावस्थेत आढळले, तेव्हा मृत्यू होऊन दोन-तीन दिवस झाले असावेत असा पोलिसांचा अंदाज होता. प्रसिद्धी, पैसा किंवा आप्तपरिवार यांपैकी कशानेही या संभवापासून पूर्ण संरक्षण मिळत नाही, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

पेठांचे शहर आणि रिकामे होत गेलेले वाडे

२०११ च्या जनगणनेनुसार ९,५१,५५८ लोकसंख्या असलेले सोलापूर हे मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी उर्दू बोलणाऱ्यांचे शहर आहे. १८७७ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे ‘जुनी मिल’ या नावानेच ओळखल्या गेलेल्या कापड गिरणीमुळे या शहराची औद्योगिक वाढ सुरू झाली. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या तिच्या जोडीला आल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी साखर पेठ, भवानी पेठ, दाजी पेठ यांसारख्या पूर्व भागातील वस्त्यांत माग उभारले आणि त्यांच्या घरातील स्त्रियांनी विड्या वळल्या. गिरण्या बंद पडल्या, यंत्रमागांचे काम आक्रसले आणि शिकलेली पिढी पुण्याकडे किंवा त्याही पलीकडे गेली. ज्या वाड्यांत पूर्वी चार-पाच बिऱ्हाडे नांदत, त्यांत आता एखादेच म्हातारे माणूस उरते, आणि घराचे हिस्सेदार अनेक असल्यामुळे त्या वाड्याची दुरुस्तीही होत नाही आणि विक्रीही होत नाही.

एकट्या माणसाची खबर पूर्वी कामामुळेच लागत असे, कारण वळलेल्या विड्या कारखान्यात पोचवल्या नाहीत किंवा माग थांबला तर त्याच दिवशी चौकशी होई. हाताचे काम सुटले की ही रोजची हजेरीही सुटते. तिची जागा काही प्रमाणात पाण्याने घेतलेली आहे. सोलापूरला उजनी धरणातून येणारे नळाचे पाणी वर्षानुवर्षे काही दिवसांआड मिळत असल्यामुळे पाण्याचा दिवस प्रत्येक गल्लीत पाठ असतो, आणि त्या दिवशी ज्या दारातून घागर किंवा नळी बाहेर येत नाही त्या दाराकडे शेजाऱ्यांचे लक्ष जाते. शहराची ही गैरसोय अशा रीतीने एकट्या वृद्धांवरची नकळत देखरेख ठरते, परंतु दोन पाळ्यांमधील अंतर चार-पाच दिवसांचे असेल, तर भर उन्हाळ्यात तेवढा काळ फार मोठा असतो.

उष्णता आणि काळ

मृत्यूनंतर शरीरात होणाऱ्या विघटनाला न्यायवैद्यकशास्त्रात, म्हणजे कायद्याच्या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या वैद्यकशास्त्रात, ‘कुजणे’ हाच साधा शब्द वापरला जातो आणि त्याचा वेग मुख्यतः तापमानावर अवलंबून असतो. उन्हाळ्यात साधारणतः १२ ते १८ तासांत पोटाच्या उजव्या खालच्या भागावर हिरवट छटा दिसू लागते, कारण आतड्यातील जिवाणूंनी निर्माण केलेला वायू रक्तातील रंगद्रव्याशी संयोग पावतो. त्यानंतर शरीर फुगते, त्वचा सुटते आणि द्रव बाहेर झिरपू लागतो. माश्या पहिल्या काही तासांतच अंडी घालतात आणि उष्ण हवेत त्यांतून दिवसाभरात अळ्या बाहेर पडतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे राहणाऱ्या सोलापुरात पत्र्याच्या खोलीतील आणि जाड मातीच्या छपराखालील थंड खोलीतील स्थिती एकाच कालावधीत फार वेगळी असू शकते, त्यामुळे किती दिवस झाले एवढ्यावरून खोलीच्या अवस्थेचा अंदाज बांधता येत नाही.

उष्णता केवळ मृत्यूनंतर काम करत नाही. शिकागो शहरात जुलै १९९५ मध्ये आलेल्या उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसे दगावली आणि त्यांत बंद खोल्यांत एकटे राहणाऱ्या वृद्धांचे प्रमाण मोठे होते, याचा सविस्तर अभ्यास समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायनेनबर्ग यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडला. ज्या ऋतूत एकट्या माणसाला धोका सर्वाधिक, त्याच ऋतूत विलंबाची किंमतही सर्वाधिक, हे समीकरण सोलापूरलाही तंतोतंत लागू पडते.

कायदा कोठपर्यंत येतो

असा मृत्यू उघडकीस आल्यावर पोलीस आकस्मिक मृत्यूची नोंद करतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ ची जागा घेणाऱ्या तरतुदीनुसार, पोलीस अधिकाऱ्याने कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवून घटनास्थळी जायचे, परिसरातील किमान दोन प्रतिष्ठित रहिवाशांच्या समक्ष पंचनामा करायचा आणि मृत्यूचे दिसणारे कारण नमूद करायचे असते. त्यानंतर मृतदेह शवविच्छेदनासाठी छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे सोलापूरकरांच्या ‘सिव्हिल’मध्ये, नेला जातो. घातपाताचा संशय नसेल तर घटनास्थळ म्हणून खोलीचे महत्त्व तेथेच संपते आणि किल्ली नातेवाइकांकडे किंवा घरमालकाकडे जाते.

पुढचे कायदे या खोलीच्या आसपास येतात आणि बाहेरच थांबतात. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याने घरातील मृत्यूची माहिती २१ दिवसांत देण्याची जबाबदारी प्रथम कुटुंबप्रमुखावर टाकली आहे, परंतु एकट्याच्या घरात मृत व्यक्तीच कुटुंबप्रमुख असते, आणि म्हणून पोलिसांची कागदपत्रे हाच नोंदणीचा मुख्य आधार उरतो. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनुसार रक्ताने व शरीरद्रवाने माखलेले कापड, कापूस किंवा गादी पिवळ्या पिशवीत भरून सामान्यतः भट्टीत जाळावी लागते, मात्र हे नियम रुग्णालये, प्रयोगशाळा यांसारख्या संस्था डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. मैला वाहणाऱ्या कामगारांविषयीचा २०१३ चा कायदा मानवी विष्ठा, गटारे आणि सेप्टिक टाक्या यांच्यावर रोखलेला आहे. परिणामी रुग्णालयात जी गादी धोकादायक कचरा ठरली असती, तीच गादी घरातून निघाली की उकिरड्यावर टाकली जाते किंवा गल्लीच्या टोकाला पेटवली जाते.

माती, चुना आणि शहाबादी फरशी

अमेरिकेत अशा सफाईला औद्योगिक शिस्त आहे. रक्तातून पसरणाऱ्या रोगांपासून कामगारांचे रक्षण करणारे नियम तेथे १९९१ मध्ये आले आणि अपघात व गुन्ह्याच्या जागांच्या सफाईसाठी ‘एस५४०’ हे व्यावसायिक मानक २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र ही तंत्रे सिमेंट, लाकडी चौकट आणि जिप्समच्या भिंती असलेल्या घरांसाठी घडलेली आहेत, आणि सोलापूरच्या जुन्या घरात ती जशीच्या तशी वापरता येत नाहीत.

या घराचे छप्पर म्हणजे माळवद: लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर आणि वर पांढऱ्या मातीचा जाड लेप. भिंती मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या, वरून चुन्याचा गिलावा. जमीन शेणाने सारवलेली किंवा शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून येणाऱ्या शहाबादी फरशीची. दोन मजल्यांमध्ये तक्तपोशी, म्हणजे फळ्यांची जमीन. ही सारी द्रव्ये सच्छिद्र आहेत. द्रव फरशीच्या सांध्यांतून खालच्या मातीत उतरतो, तक्तपोशीच्या फटींतून खालच्या खोलीच्या छताशी पोचतो आणि भिंतीत ओलाव्याबरोबर वर चढतो. घाईघाईने बादल्यांनी पाणी ओतल्यास वरचा डाग जातो, परंतु द्रव अधिक खोल ढकलला जातो आणि पहिल्या पावसाळ्यात दुर्गंधी परत येते.

म्हणून अशा घरात धुण्याआधी काढणे हा क्रम पाळावा लागतो. गादी, वाकळ, उशी, बाजेची दोरी यांसारख्या शोषून घेणाऱ्या वस्तू प्रथम जाड पिशव्यांत बंद करून हलवायच्या. घरात माग असेल तर शेजारी रचलेले सूतही तपासायचे, कारण कापसाचा तंतू वास धरून ठेवतो. त्यानंतर बाधित भागातील फरशा उचलून खालची माती कोरडी लागेपर्यंत खणून काढायची, भिंतीचा गिलावा घट्ट थरापर्यंत खरवडायचा आणि सारवलेली जमीन उकरून नव्याने करायची. निर्जंतुकीकरण याच्यानंतर येते, कारण सेंद्रिय घाण शिल्लक असेल तर क्लोरीन तिच्यावरच खर्ची पडते आणि जंतूंपर्यंत पोचत नाही. बाजारात मिळणाऱ्या चांगल्या प्रतीच्या ब्लीचिंग पावडरमध्ये सुमारे एक तृतीयांश क्लोरीन असते, त्यामुळे एक लिटर पाण्यात सुमारे ३० ग्रॅम पावडर घातल्यास एक टक्क्याचे द्रावण मिळते आणि ते पृष्ठभागावर वीस-तीस मिनिटे ओले राहावे लागते.

येथे दोन चुका हमखास होतात आणि दोन्ही महागात पडतात. संडास धुण्याचे ॲसिड शहाबादी फरशीवर ओतले जाते. ती फरशी चुनखडीच्या जातीच्या दगडाची असल्यामुळे ॲसिड तिचा पृष्ठभाग खाते आणि ती पूर्वीपेक्षा अधिक शोषक होते. दुसरी चूक जिवावर बेतू शकते: ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास क्लोरीन वायू सुटतो, आणि विघटनातून किंवा लघवीतून आलेल्या अमोनियाशी ब्लीचिंगचा संयोग झाल्यास क्लोरामाइनची घातक वाफ तयार होते. दारे-खिडक्या लहान असलेल्या जुन्या खोलीत हा वायू साचून राहतो. सफाई संपल्यावर सिमेंटचा गिलावा आणि तैलरंग चढवण्याचा मोह होतो, तथापि मातीच्या भिंतीत त्यामुळे ओल कोंडते. ताज्या चुन्याची सफेदी अल्कधर्मी असल्यामुळे जंतूंना रोखते आणि भिंतीला श्वासही घेऊ देते, म्हणून जुन्या घराला तीच अधिक मानवते.

दुर्गंधी म्हणजे संसर्ग हा समज मात्र निराधार आहे. मृतदेहांमुळे साथी पसरतात ही भीती सर्वसाधारणपणे अनाठायी असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने वारंवार स्पष्ट केले आहे. धोका मर्यादित परंतु खरा आहे आणि तो प्रत्यक्ष काम करणाऱ्याला असतो: हिपॅटायटिस बी चा विषाणू सुकलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकतो आणि कोरडी घाण झाडल्यास उडणारी धूळ श्वासात जाते. लस, जाड हातमोजे, योग्य मुखपट्टी आणि झाडण्याऐवजी ओले पुसणे हे त्यावरचे उपाय आहेत.

शुद्धी आणि स्वच्छता

मृत्यूनंतर घर धुणे, सारवणे, गोमूत्र शिंपडणे, दहाव्यानंतर अशौच फिटणे ही परंपरा पेठांतून आजही पाळली जाते. तिच्यातील सारवणे आणि चुना लावणे यांना प्रत्यक्ष उपयोगही आहे. परंतु पंचक किंवा त्रिपाद नक्षत्रावर मृत्यू झाला असे ठरल्यास घर काही महिने बंद ठेवण्याची रूढी मराठी आणि तेलुगू भाषक कुटुंबांत आढळते, आणि एकाकी मृत्यूच्या बाबतीत नेमका काळ ठाऊक नसल्यामुळे भीतीपोटी हा पर्याय पटकन स्वीकारला जातो. सफाई न करता कुलूप लावलेल्या खोलीत द्रव मुरतो, लाकडाला कीड लागते, उंदीर शिरतात, आणि काही महिन्यांनी दार उघडल्यावर जी अवस्था दिसते तिच्यामुळे घर बाधित असल्याचा समज पक्का होतो. रूढी पाळायचीच असेल तर आधी सफाई आणि मग कुलूप हा क्रम कोणत्याही शास्त्राच्या आड येत नाही.

बाहेरच्या यंत्रणेने घरात शिरून सफाई करण्याविषयी महाराष्ट्राची एक कडवट ऐतिहासिक आठवणही आहे. १८९७ च्या साथरोग कायद्याच्या आधारे प्लेगच्या काळात घरे उघडून, कौले काढून, सामान जाळून आणि भिंतींना चुना फासून जे निर्जंतुकीकरण झाले, त्यामागे आरोग्याचा हेतू होता. तरीही पुण्यात त्याची अंमलबजावणी इतकी उद्दाम झाली की त्यातून प्लेग अधिकारी रँड याच्या हत्येपर्यंत मजल गेली. वस्तू जाळण्याआधी घरच्यांना विचारणे, देव्हारा, कागदपत्रे आणि छायाचित्रे वेगळी काढून देणे आणि उचललेल्या प्रत्येक वस्तूची यादी करणे हा सफाईच्या तंत्राचाच भाग मानला पाहिजे, हा त्या अनुभवाचा धडा आहे. वारसा दाखला, घरपट्टी आणि बँकेची पुस्तके यांवर पुढचे सारे व्यवहार अवलंबून असतात, आणि ती अनेकदा त्याच गादीखाली असतात.

काम कोणाच्या वाट्याला येते

महाराष्ट्रातील शहरांत कुजलेला मृतदेह उचलण्यासाठी पोलीस बहुधा ओळखीतल्या एखाद्या माणसाला बोलावतात, आणि खोली धुण्यासाठी घरमालक किंवा नातेवाईक गल्लीतल्या सफाई कामगाराला गाठतात. मोबदला जागेवर ठरतो, मुखपट्टीच्या जागी रुमाल येतो, आणि झालेल्या इजेची कोठे नोंद राहत नाही. हे काम कोणी करायचे याचे उत्तर व्यवहारात आधीच ठरलेले असते आणि ते जातीच्या उतरंडीने ठरवलेले असते. मेलेल्या जनावरांची विल्हेवाट लावणे, मृत्यूचा सांगावा गावोगाव पोचवणे अशी कामे वतनाच्या नावाखाली महार समाजावर लादलेली होती; डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडले आणि ही कनिष्ठ वतने अखेर १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. वतन गेले तरी मृत्यूशी संबंधित घाण कोणी उचलायची याविषयीची गृहीतके शहरात टिकून राहिली.

जपान आणि अमेरिकेतील अनुभवाकडे या दृष्टीने पाहणे उपयोगी ठरते. तेथेही हे काम प्रतिष्ठेचे मानले जात नाही, परंतु त्याला नाव आहे, प्रशिक्षण आहे आणि दर आहे. जपानमध्ये घरमालकांसाठी अशा मृत्यूचा विमा मिळतो आणि सरकारने २०२१ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार नैसर्गिक मृत्यूची माहिती नव्या भाडेकरूला देण्याचे बंधन सामान्यतः नाही, मात्र विशेष सफाई करावी लागली असल्यास सुमारे तीन वर्षे ती माहिती द्यावी लागते. भीतीला एक मुदत घालून दिली की घराचा व्यवहार पुन्हा सुरू होऊ शकतो, हा विचार पेठांतील कुलूपबंद खोल्यांनाही लागू पडतो.

सोलापुरात अशी सेवा उभी करण्यासाठी लागणारी सामग्री बऱ्याच अंशी उपलब्ध आहे. १९६३ मध्ये स्थापन झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय प्रशिक्षण देऊ शकते; जैववैद्यकीय कचरा गोळा करून जाळण्याची जी यंत्रणा रुग्णालयांसाठी चालते, तिच्याकडे घरातील पिवळ्या पिशव्या पोचवण्याचा आदेश महापालिका काढू शकते; करोनाकाळात गल्लोगल्ली हायपोक्लोराइट फवारणाऱ्या महापालिकेला रसायन आणि उपकरणे नवीन नाहीत. पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकाबाहेर टँकर देणे, घरमालकाकडून ऐपतीप्रमाणे शुल्क घेणे आणि वारस नसलेल्यांच्या बाबतीत खर्च सार्वजनिक निधीतून करणे, एवढ्या तीन गोष्टी ठरल्या तरी आज जमेल तसे होणारे काम नियमाने होऊ लागेल. त्यासाठी नेमलेल्या माणसाला लेखी करार, लसीकरण, संरक्षक साहित्य आणि धोक्याच्या प्रमाणात मोबदला मिळाला पाहिजे, आणि भरती जातीवरून न होता प्रशिक्षणावरून झाली पाहिजे.

तितकेच महत्त्वाचे काम दार तोडण्याची वेळ येण्याआधीचे आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयीच्या २००७ च्या कायद्याखाली केंद्राने आखलेल्या आदर्श नियमांत प्रत्येक पोलीस ठाण्याने एकट्या राहणाऱ्या वृद्धांची अद्ययावत यादी ठेवावी आणि पोलिसाने शक्यतो सामाजिक कार्यकर्त्यासह महिन्यातून किमान एकदा त्यांना भेटावे, असे म्हटले आहे. महाराष्ट्राचे नियम २०१० मध्ये झाले. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही निःशुल्क राष्ट्रीय मदतवाहिनीही आहे. महिन्याची भेट एकाकीपणा कमी करील, परंतु मृत्यू वेळेत उघडकीस आणणार नाही. त्यासाठी सोलापूरकडे पाण्याचे वेळापत्रक आहे: झोननिहाय पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याकडे त्या भागातील एकट्या वृद्धांची यादी दिली, पाण्याच्या दिवशी न उघडलेल्या दाराची खबर त्याच दिवशी पोलीस ठाण्याला देण्याची पद्धत पाडली आणि एप्रिल-मे महिन्यांत दुधवाला, रेशन दुकानदार व आशा कार्यकर्ती यांना तिच्यात सामावून घेतले, तर विलंब दिवसांवरून तासांवर आणता येईल. तसे झाल्यास काही वेळा दार उघडल्यावर आत जिवंत माणूस सापडेल, आणि उरलेल्या वेळी खोली साबण, पाणी आणि चुना यांनीच स्वच्छ होण्याजोगी असेल.